लिनक्स कर्नल स्वतः कंपाइल करताना : वायरगार्ड आलं, वाय-फाय गेलं!

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये शोधलं तर ‘कर्नल व्हर्जन’ सापडेल. तो लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. मेमरी, वाय-फाय, नेटवर्क सगळं तोच सांभाळतो. लॅपटॉपवर हा कर्नल आपल्याला स्वतः बनवता येतो.

मी छत्रपती संभाजीनगरात रूमवर राहायचो. वाय-फाय सगळ्यांचं एकच, पासवर्डही अख्ख्या इमारतीला माहीत. म्हणून मला वायरगार्ड हवं होतं. आपल्या शहरातली नहर-ए-अंबरी आठवा. तिचं पाणी जमिनीखालून यायचं, वरून चालणाऱ्याला दिसायचं नाही. वायरगार्डही तुमचा डेटा एन्क्रिप्ट करून दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरपर्यंत नेतं. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून ते कर्नलमध्येच आहे.

कसं करायचं?

१. कर्नल डॉट ऑर्गवरून सोर्स कोड घ्या आणि त्याची सही तपासा.
२. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘डॉट कॉन्फिग’ नावाने कॉपी करा, मग ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा.
३. ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडा. डिव्हाइस ड्रायव्हर्स, मग नेटवर्क डिव्हाइस सपोर्टमध्ये वायरगार्ड शोधा. ‘वाय’ म्हणजे कर्नलमध्येच, ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल, ‘एन’ म्हणजे नको. ‘एम’ निवडा.
४. ‘मेक’ चालवा. जुन्या लॅपटॉपवर याला काही तास लागू शकतात.
५. आधी ‘मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल’, मग ‘मेक इन्स्टॉल’. ही दोन्ही कामं सुडो लावून करा आणि रीबूट करा.

माझी चूक

वेळ वाचवायला मी दुसऱ्या पायरीनंतर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवलं. ते त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूल्सच ठेवतं, बाकीची बंद करतं. माझा वाय-फायचा यूएसबी डोंगल तेव्हा टेबलावर पडलेला! नवा कर्नल सुरू झाला, वायरगार्डही होतं, पण डोंगलचा ड्रायव्हरच नव्हता. सकाळी असाइनमेंट अपलोड करायची होती. शेवटी बूट मेनूमधून जुना कर्नल निवडला, म्हणून वाचलो. तेव्हापासून नियम एकच : नवा कर्नल नीट चालेपर्यंत जुना उडवायचा नाही.

फोनवर हे करू का?

नको. त्यासाठी बूटलोडर अनलॉक करावा लागतो आणि त्यात बहुतेक फोनमधला डेटा पुसला जातो. वायरगार्डचं अ‍ॅप कर्नल न बदलताही चालतं. फक्त लक्षात ठेवा, दुसऱ्या टोकाचा सर्व्हर विश्वासाचा हवा. बोगदा कितीही पक्का असला, तरी डेटा शेवटी तिथेच बाहेर पडतो.