निपाणीची परिषद आणि मुलांचं मासिक

बेळगाव म्हटलं की आम्हा गोवेकरांना चोर्ला घाट, कुंदा आणि लग्नाचा बस्ता आठवतो. निपाणी म्हटलं की तंबाखू. आणि दोन्ही नावं एकत्र आली की सीमाप्रश्न! या भाषेच्या भांडणात एक जुनी गोष्ट मात्र मागे पडते.

एप्रिल १९२५. मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीला भरली. डॉ. आंबेडकर तिथं बोलले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. म्हैसूर राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ ला.

यापूर्वी पाच वर्षं, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला होता. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले. त्याच मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातल्या माणगावची परिषद गाजली. पण जुलैत बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडलं.

पत्र काढायला पैसा लागतो हे खरं, पण लिहिणारे आणि वाचणारे कुठून आणायचे? ज्यांना शाळेत वेगळं बसवलं जाई, त्यांच्यातूनच ते घडवायचे होते. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात तिचं वसतिगृह सुरू झालं. निपाणीची परिषद त्यानंतर तीनच महिन्यांनी. सभेच्याच आश्रयाखाली विद्यार्थी एक मासिक चालवू लागले. नाव काय ठेवलं? 'सरस्वती विलास'! ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर शिवू दिलं नाही, त्यांच्या मुलांनी थेट सरस्वतीचंच नाव घेतलं.

३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं. पुढे बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेनं धारवाडलाही वसतिगृह चालवलं. तेही याच मुलखात.

सीमाभागात आजही वाद होतो तो पाटी कुठल्या भाषेत असावी याचा. तो खोटा नाही. पण या मुलांचा प्रश्न त्याच्याही आधीचा होता: पाटी आमच्या हाती येणार की नाही?

म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या कपाटात मुलांनी काढलेली जुनी मासिकं, हस्तलिखितं पडून असतील, तर ती रद्दीत घालू नका. आधी उघडून वाचा.