सारथ्याची झोंप

गीतेंत अर्जुनाला 'गुडाकेश' आणि श्रीकृष्णाला 'हृषीकेश' म्हटलें आहे. पहिल्याचा परंपरागत अर्थ निद्रा जिंकणारा आणि दुसऱ्याचा अर्थ इंद्रियांचा स्वामी. रथांत बसणाऱ्यानें झोंप जिंकलेली आणि रथ हांकणाऱ्याचीं इंद्रियें पूर्णपणें त्याच्या स्वाधीन, असा योग सामान्य प्रवाशाच्या नशिबीं सहसा येत नाहीं. सामान्य सारथि हाडामांसाचा मनुष्य असतो. त्याला जांभई येते, पेंग येते, डोळ्यांवर झापड येते, आणि नकळत डुलकीही लागते. मराठींत या एका अवस्थेला इतके शब्द आहेत, यावरूनच तिचा परिचय किती जुना आहे हें दिसतें. परंतु ही घरगुती डुलकी माणसाच्या जिवावर केव्हांपासून उठूं लागली, याचा इतिहास मात्र फार जुना नाहीं.

बैलगाडीच्या काळांत झोंपलेला गाडीवान ही भीतीची गोष्ट नव्हती. बाजार उरकून रात्रीं गांवाकडे परतणारा शेतकरी बैलांना वाटेला लावून स्वतः गाडींतल्या कडब्यावर आडवा होई, आणि पहांटे गाडी बिनबोभाट त्याच्या अंगणांत येऊन उभी राही. याचें कारण असें कीं, त्या गाडीला दोन सारथि होते. एक झोंपला तरी दुसरा, चार डोळ्यांचा व आठ पायांचा, जागा असे. बैलाला खड्डा दिसतो, समोरची गाडी दिसते, आणि आपला जीवही प्यारा असतो. वाफेच्या एंजिनानें हा मुका पण डोळस सारथि नाहींसा केला. यंत्राला बळ पुष्कळ आलें, परंतु डोळे आले नाहींत. तें सारें पाहण्याचें काम एका माणसाच्या दोन पापण्यांवर येऊन पडलें.

या पापण्यांवर किती भार टाकतां येतो, हें इंग्लंडमधील एका घटनेनें जगाला दाखविलें. एडिंबरोहून लंडनकडे जाणारा पूर्वकिनाऱ्याचा लोहमार्ग यॉर्कशर परगण्यांतून जातो. त्यावर थर्स्क गांवाजवळ मॅनर हाऊस नांवाची एक लहानशी सिग्नलची केबिन होती. १८९२ सालच्या १ नोव्हेंबरला तेथील सिग्नलवाल्याची तान्ही मुलगी वारली. रात्रपाळीहून परतल्यावर त्याला विसांवा असा मिळालाच नव्हता. डॉक्टरच्या शोधांत तो कित्येक मैल पायीं हिंडला, परंतु मूल वांचलें नाहीं. आज रात्रीं काम करण्याच्या स्थितींत आपण नाहीं, असें त्यानें आपल्या स्टेशनमास्तरास सांगितलें. बदली माणसाची मागणीही वर गेली. पण माणूस आला नाहीं. तेव्हां तो स्वतःच केबिनींत जाऊन बसला. त्याला जागून जवळजवळ दीड दिवस झाला होता.

त्या रात्रीं धुकें होतें. स्कॉटलंडहून येणारी जलद गाडी दोन भाग करून सोडलेली होती. पहिला भाग निघून गेला, आणि त्याच्या मागोमाग आलेली एक मालगाडी केबिनीजवळ थांबली. इतक्यांत सिग्नलवाल्याचा डोळा लागला. तो दचकून जागा झाला, तेव्हां ती मालगाडी आपल्याच हद्दींत उभी आहे ही गोष्ट त्याच्या मनांतून साफ पुसली गेली होती. त्यानें जलद गाडीच्या दुसऱ्या भागाला मार्ग मोकळा असल्याची खूण दिली. २ नोव्हेंबरच्या पहांटे ती गाडी मालगाडीवर आदळली, डबे पेटले आणि १० माणसें मेलीं.

खटल्यांत ज्यूरीनें सिग्नलवाल्याला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविलें. परंतु न्यायाधीशानें कसलीही शिक्षा न देतां त्याला सोडून दिलें. कायद्याच्या भाषेंत गुन्हेगार एकच होता. लोकांच्या मनांत मात्र प्रश्न उभा राहिला तो त्याला बदली न देणाऱ्या व्यवस्थेचा. रेल्वे-नोकरांच्या कामाच्या तासांची चौकशी पार्लमेंटच्या समितीनें या अपघातापूर्वींच चालविली होती. १८९३ सालीं कायदा झाला, आणि कामाचे तास अतिरिक्त असल्याची तक्रार आल्यास कंपनीकडून नवें वेळापत्रक मागण्याचा अधिकार सरकारी व्यापारखात्याला मिळाला. झोंप ही केवळ खाजगी बाब नसून तिचा हिशेब मालकानेंही ठेवला पाहिजे, हें तत्त्व अशा रीतीनें कायद्याच्या दारांत आलें.

हेंच तत्त्व पुढें हिंदुस्थानांतही पोहोंचलें. १९३० सालच्या रेल्वे कायद्याच्या दुरुस्तीनें अखंड काम करणाऱ्या नोकरांसाठीं आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली गेली. १९४७ सालच्या न्यायमूर्ति राजाध्यक्षांच्या निवाड्यानें ती ५४ वर आणली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ज्या कामांत लक्ष सतत ताणून धरावें लागतें, त्यांचा निराळा वर्ग करून त्यांना ४५ तासांची मर्यादा सुचविण्यांत आली. श्रम हे केवळ घड्याळाच्या काट्यांनीं मोजावयाचे नसतात, डोळे आणि चित्त यांवर पडणाऱ्या ताणानेंही मोजावे लागतात, हा या वर्गीकरणांतला विचार होता. याच काळांत यंत्रांनाही थोडी दक्षता शिकविण्यांत आली. विजेच्या गाड्यांत चालकानें एक मूठ सतत दाबून धरावयाची. हात सुटला कीं वीज तुटावी आणि ब्रेक लागावा, अशी योजना निघाली. मुंबईच्या लोकल गाड्यांतील चालकाच्या हाताखालीं ही मूठ असते. बैलाचे डोळे कांहीं अंशीं यंत्राला परत देण्याचाच हा प्रयत्न होय.

रेल्वेला निदान रूळ होते, सिग्नल होते, वेळापत्रक होतें आणि वर देखरेख करणारा अधिकारी होता. मोटारीला यांपैकीं कांहींच नव्हतें. रस्ता सर्वांचा, वेळ ज्याची त्याची, आणि चाकावर एकटा मनुष्य! इंग्लंडांत १९३० च्या कायद्यानें मालमोटारी व बसगाड्या हांकणाऱ्यांना सलग साडेपांच तासांहून अधिक आणि दिवसाकांठीं एकंदर ११ तासांहून अधिक गाडी चालविण्यास मनाई केली, आणि सलग १० तासांची विश्रांति सक्तीची केली. हिंदुस्थानच्या १९३९ च्या मोटार-वाहन कायद्यानें पांच तासांनंतर अर्ध्या तासाची सुटी आवश्यक ठरविली. १९६१ च्या मोटार-वाहतूक कामगार कायद्यानें सर्वसाधारणपणें दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरविले. परंतु तो कायदा पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता. ज्याची एकच ट्रक आहे आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, अशा मालकाच्या गाडीपर्यंत ही मर्यादा पोहोंचतच नव्हती. आणि रात्रीच्या रस्त्यावर अशाच गाड्या पुष्कळ असतात.

मग झोंप लागली हा अपराध कीं आपत्ति? झोंपलेल्या माणसाला आपण काय करतों हें कळत नाहीं, तेव्हां त्याला दोषी कसें धरावें, असा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयापुढें १९४५ सालीं आला. रात्रभर कारखान्यांत काम करून मोटारीनें घरीं परतणाऱ्या एका इसमाला चाकावरच झोंप लागली, आणि गाडी रस्त्यानें चाललेल्या सैनिकांच्या तुकडींत घुसली. खालच्या न्यायालयानें त्याला निर्दोष ठरविलें होतें. वरिष्ठ न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, झोंप चोरपावलांनीं आली तरी दार ठोठावल्याशिवाय येत नाहीं. ती येत आहे हें कळल्यावर गाडी थांबविणें हें चालकाचें कर्तव्य होतें. दोष झोंपेंतल्या क्षणाचा नसून, त्याच्या आधींच्या जाग्या क्षणांचा आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानानें २००३ सालीं याच वाटेनें आणखी एक पाऊल टाकलें. सलग २४ तास न झोंपतां गाडी चालवून कोणाचा प्राण घेतल्यास तें वर्तन बेपर्वाईचें धरतां येईल, असें तेथील कायद्यानें ठरविलें.

न्यायालयांनीं जें व्यवहारज्ञानानें ओळखलें, त्याला शास्त्रानेंही पुरावा दिला. १९३८ सालीं शिकागो विद्यापीठाचे नथॅनिएल क्लाइटमन एका तरुण सहकाऱ्यासह केंटकींतील मॅमथ गुहेंत ३२ दिवस राहिले. जेथें ऊन नाहीं आणि दिवसरात्र नाहीं अशा ठिकाणीं २८ तासांचा दिवस शरीराला मानवतो काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. तरुण सहकाऱ्याचें शरीर नव्या दिवसाला जुळलें. क्लाइटमन यांच्या शरीराची उष्णता मात्र २४ तासांचाच जुना ताल धरून चढत-उतरत राहिली. शरीरांत एक घड्याळ आहे आणि तें सहजासहजीं मालकाचें ऐकत नाहीं, असा त्याचा अर्थ. या घड्याळाप्रमाणें मध्यरात्रीनंतर दोनपासून सहापर्यंतचा काळ सर्वांत घातक असतो, आणि दुपारच्या जेवणानंतरचा प्रहर त्याच्या खालोखाल येतो.

१९४८ सालीं केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनीं दुसरी गोष्ट दाखविली. युद्धांत शत्रूच्या पाणबुड्या हुडकण्यासाठीं रडारच्या पडद्याकडे टक लावून बसणाऱ्या वैमानिकांची दक्षता अर्ध्या तासांतच ढळूं लागते, हें त्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. काम कंटाळवाणें आणि एकसुरी असेल, तर पुरेशी झोंप झालेला मनुष्यही चुकतो. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं तिसरी गोष्ट मोजली. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात व डोळे, रक्तांत शंभरांश ०.०५ मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावतात. आणि २४ तासांच्या जागरणानंतर हें प्रमाण सुमारें दुप्पट होतें. दारूच्या तोंडाला वास येतो, जागरणाला येत नाहीं, एवढाच काय तो फरक! चालकाला कित्येकदां कांहीं सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचें त्याला कळतही नाहीं. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार चार सेकंदांत ११० मीटरांहून अधिक अंतर कापते. तेवढा रस्ता ती आंधळेपणानें जाते.

यावरचे लोकप्रिय उपाय पुष्कळ आहेत. खिडकी उघडणें, तोंडावर पाणी मारणें, तंबाखूची चिमूट, मोठ्यानें गाणीं म्हणणें आणि रेडिओ लावणें! रेडिओचे गुण कितीही गावे, तरी या बाबतींत त्याची साक्ष फारशी भरंवशाची नाहीं. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठांत १९९० नंतरच्या दशकांत झालेल्या प्रयोगांत थंड वारा आणि रेडिओ या दोहोंचाही परिणाम अल्प व क्षणिक ठरला. टिकाऊ ठरले ते दोनच उपाय : पंधरा मिनिटांची झोंप आणि कडक कॉफी. त्यांतही क्रम आहे. कॉफीचा गुण येण्यास सुमारें अर्धा तास लागतो. म्हणून गाडी सुरक्षित जागीं उभी करून आधीं कॉफी प्यावी, लगेच डोळे मिटावे, आणि दोहोंचा लाभ एकदम घ्यावा. तरीही ही उसनवारीच होय. झोंपेचें देणें शेवटीं झोंपेनेंच फिटतें.

रस्त्यालाही थोडें बोलावयास शिकवितां येतें. न्यू जर्सींतील गार्डन स्टेट पार्कवे या हमरस्त्याच्या कडेला १९५२ सालीं खांचांची पट्टी घालण्यांत आली. चाक तिच्यावर गेलें कीं गुरगुराट होऊन चालक जागा होतो. अशा पट्ट्या पुढें अनेक देशांत पसरल्या. मात्र तें बैलानें मारलेल्या हिसक्यासारखें शेवटचें इशारत-वजा साधन आहे. सारथ्याची जागा तें घेऊं शकत नाहीं.

याचा दाखला, दैवयोगानें, त्याच पूर्वकिनाऱ्याच्या लोहमार्गावर मिळाला. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं पहांटे, थर्स्कपासून पन्नास मैलांच्या आंत, ग्रेट हेक या गांवाजवळ एक मोटार हमरस्ता सोडून उतारावरून घसरत रुळांवर आली. चालकानें ती रात्र फोनवर गप्पा करण्यांत घालविली होती आणि झोंप घेतलीच नव्हती. न्यूकॅसलहून लंडनकडे जाणारी जलद गाडी त्या मोटारीवर आदळून रुळांवरून ढळली, आणि समोरून येणाऱ्या कोळशाच्या मालगाडीनें तिला धडक दिली. याही वेळीं १० माणसें मेलीं. आपण झोंपलों नव्हतों, असें चालकाचें म्हणणें होतें. ज्यूरीनें तें मानलें नाहीं, आणि त्याला पांच वर्षांची कैद झाली.

दोन्ही पहांटा, दोन्ही अपघात एकाच मार्गावर, दोहोंतही बळी तितकेच. परंतु न्याय निराळा. पहिल्यानें आपण थकलों आहोंत हें सांगितलें होतें आणि त्याचें कोणी ऐकलें नाहीं. दुसऱ्याला सांगण्याची गरजच नव्हती. गाडी न काढणें हें त्याच्याच हातीं होतें. निद्रेच्या अपराधाची वांटणी कशी करावी, हें या दोन निकालांवरून कळतें : ज्याला 'नाहीं' म्हणण्याचें स्वातंत्र्य आहे त्याच्यावर दोष अधिक, आणि ज्याला तें नाहीं त्याच्या मालकावर अधिक.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारांत आतां उभा आहे. नागपूरहून मुंबईकडे येणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्ण खुला झाला. घाटाचीं वळणें चालकाला दमवितात, पण जागेंही ठेवतात. सरळ, रुंद आणि एकसारखा रस्ता त्याला थोपटून निजवितो. अशा रस्त्यावर चालकाचा शत्रु खड्डा नसून आरामच असतो. येथें सुशिक्षित कुटुंबांवरही कांहीं जबाबदारी येते. दिवस वांचावा म्हणून देवदर्शनाला किंवा लग्नाला मध्यरात्रीं भाड्याची गाडी काढावयाची, आणि दिवसभर दुसरीकडे राबून आलेल्या चालकाला उजाडेपर्यंत पोंचविण्याची ताकीद द्यावयाची, ही रीत घरोघर आहे. मंडळी मागें निवांत झोंपतात. मुक्कामीं पोहोंचल्यावर त्यांना खोली मिळते, आणि चालक गाडींतच पाय दुमडून पडतो. संध्याकाळीं परतीचा प्रवास पुन्हां त्याच्याच हातीं सोपविलेला असतो!

निघण्यापूर्वीं चालकाला दोन गोष्टी विचारणें कठीण नाहीं : काल किती झोंप झाली, आणि आज किती गाडी चालविली. उत्तर समाधानकारक नसेल तर पहांटे सहानंतर निघावें. वाटेंत दर दोन तासांनीं थांबावें, पुढच्या आसनावर बसणाऱ्यानें झोंपूं नये, आणि मुक्कामाच्या खोल्या ठरवितांना एक खाट चालकासाठीं धरावी. 'थोडें थांबूं या' असें तो म्हणाला, तर घड्याळाकडे न पाहतां थांबावें. मॅनर हाऊसच्या सिग्नलवाल्यानें जें मागितलें तें एवढेंच होतें.