दांड्याविना भाला : शस्त्रसंग्रह व जीर्णोद्धार यांविषयी एक टिपण

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडचा परिसर ज्या मुलखात मोडतो, तो मराठे व निजाम यांच्या दीर्घ संघर्षाचा मुलूख होय. याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. जिल्ह्याच्या सीमेलगत खर्डा येथे मार्च १७९५ मध्ये निजामाचा पराभव झाला. या लढायांच्या अभ्यासात तहाची कलमे व फौजांचे मार्ग यांचा विचार पुष्कळ होतो. स्वाराच्या हातातील शस्त्राकडे मात्र आपण क्वचितच वळतो. वस्तुतः भाला हेच मराठ्यांचे राष्ट्रीय शस्त्र, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नमूद केले होते.

या शस्त्राचा अभ्यास करू लागताच एक अडचण उभी राहते. तलवारीचे पाते व मूठ दोन्ही धातूची असल्यामुळे ती बहुधा सबंध हाती येते. भाल्याचे तसे नाही. त्याचा पोलादी फाळ टिकतो, दांडा मात्र वेळूचा अथवा लाकडाचा. त्यास वाळवी लागते, तो कुजतो किंवा घरातील दुसऱ्या कामास लागतो. संपूर्ण पोलादाची सांग तेवढी यास अपवाद. परिणामी संग्राहकाजवळ येतात ते बहुधा सुटे फाळ आणि एखादी शेंबी.

आता भाल्याची लांबी, तोल व हाताळण्याची रीत ही सर्व दांड्यावर अवलंबून असतात. घोडेस्वाराचा लांब भाला आणि पायदळाची आखूड बरची यांचे फाळ सुटे ठेवल्यास पुष्कळदा सारखेच भासतील. विट्याचे उदाहरण याहून बोलके आहे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात आजही दिसणाऱ्या या शस्त्रास दोरी बांधलेली असते. फेकलेला विटा त्या दोरीने मागे ओढून घेता येतो. दोरी व दांडा गेल्यावर विटा आणि सामान्य भाला यांतील भेद फाळावरून कसा ओळखावयाचा? एजर्टनने १८८० मध्ये हिंदी शस्त्रांविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हापासून वर्गीकरणाचा भर पात्याच्या आकारावर व नक्षीवर राहिला, हे या दृष्टीने स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

जीर्णोद्धाराचा प्रश्न येथेच उद्भवतो. विक्रेता जुन्या फाळास नवा दांडा बसवितो, त्यास तेलपाणी देऊन जुनेपणा आणतो, आणि अंदाजाने ठरविलेली लांबी पुढे पुरावा म्हणून वावरू लागते. फाळ लखलखीत करण्याचा हव्यासही तितकाच घातक. खंडेनवमीस शस्त्रे घासूनपुसून तेल लावण्याची आपली परंपरा गंजास आवर घालते, यात संशय नाही. परंतु विटकरीच्या भुकटीने घासल्यास कोफ्तगिरीचे सोने निघून जाते. या कामात पोलादावर बारीक रेघोट्या ओढून त्यांवर सोन्याची तार ठोकलेली असते, आत ओतलेली नसते. चिंचेचे आम्ल खळग्यांत राहिले तर गंज पुन्हा आतून खाऊ लागतो. सुटा तांबूस गंज हलक्या हाताने काढावा, घट्ट काळसर थर राहू द्यावा व वर मेणाचा पातळ लेप द्यावा, एवढेच सामान्यतः पुरेसे असते.

फाळाच्या पोकळ खोबणीत जुन्या दांड्याचा तुकडा अनेकदा अडकून राहिलेला असतो. नवा दांडा बसविताना कारागीर प्रथम तोच कोरून फेकतो! सूक्ष्मदर्शकाखाली तो वेळूचा की लाकडाचा हे निश्चित ठरविता येते, आणि खोबणीच्या व्यासावरून दांड्याच्या जाडीचा अंदाज बांधता येतो. किरणोत्सर्गी कार्बनाच्या पद्धतीकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवू नये; सतराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरच्या काळात तिचे निष्कर्ष फार विस्तृत येतात. यास्तव दांडा बदलणे अपरिहार्यच असेल तर आधी खोबणीचे छायाचित्र व मापे घ्यावीत, आतील तुकडा कागदाच्या पाकिटात घालून फाळाच्याच क्रमांकाने जपावा, आणि नव्या दांड्यावर तो बसविल्याचे वर्ष कोरून ठेवावे.