जुनी बोट घेताना: हर्क्युलिस ते गोर्शकोव्ह



मनीमाजऱ्यात बसून बोटींवर बोलणारा मी बहुधा एकटाच असेन. इथून समुद्र हजार किलोमीटरहून लांब. जवळ आहे तो सुखना तलाव. १९५८ साली तो झाला तेव्हाच ल कॉर्बुझिए यांनी आग्रह धरला होता की या पाण्यात मोटरबोटी नकोत, त्यामुळे आजही लोक तिथे पायडल मारत फिरतात. जुन्या वस्तूंचा अभ्यास करायचा तर मात्र आमचे मोटर मार्केट आहे. तिथले मेकॅनिक गाडीच्या रंगाकडे बघतसुद्धा नाहीत, आधी गालिचा उचलून खालचा पत्रा बघतात.

आजचा विषय निघाला माझ्या भाच्याच्या फोनवरून. तो मालवणचा. म्हणाला, "मामा, एक बोट घेतंय. जुनी आसा, पण रंग बघशात तर नवीन वाटता." फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, पर्यटकांना तारकर्लीला फिरवायचे. पैसे माझ्या बहिणीच्या फिक्स डिपॉझिटचे. इंजिन ऐकलेस का, असे विचारले तर म्हणाला, मालकाने किनाऱ्यावरच चालू करून दाखवले, एका झटक्यात सुरू झाले.

ते ऐकून मला १९८८ चा सप्टेंबर आठवला. पंजाबात पूर आला होता आणि मी तरुण सॅपर अधिकारी होतो. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग काढणारे, आणि पुरात बोटी चालवणारेही. आमचे आउटबोर्ड इंजिन मी स्वतः छावणीत पाण्याने भरलेल्या पिंपात चालवून पाहिले होते. छान चालले. सतलजच्या मधोमध, बोटीत नऊ माणसे आणि दोन शेळ्या असताना, ते गरम होऊन बंद पडले. पिंपात इंजिनावर भार नसतो ही साधी गोष्ट मी विसरलो होतो. वल्ही होती म्हणून आम्ही दीड-दोन किलोमीटर खाली वाहत जाऊन काठाला लागलो. चूक माझी होती, आणि त्या नऊ जणांतली एक म्हातारी माझ्याकडे कशी बघत होती ते मी अजून विसरलेलो नाही.

भाच्याला मी नुसता उपदेश केला नाही, आपल्या देशाने जुनी जहाजे कशी घेतली ते सांगितले. तेच आज तुम्हाला सांगतो.

स्वातंत्र्यानंतर आपले नौदल जवळजवळ सगळे सेकंडहँड जहाजांवर उभे राहिले, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १९४८ साली आलेली 'दिल्ली' म्हणजे मूळची 'अकिलीस'. १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ती लढली होती. पुढे त्या लढाईवर १९५६ साली चित्रपट निघाला, त्यात अकिलीसचे काम आपल्या दिल्लीनेच केले! १९५७ साली आलेली 'मैसूर' म्हणजे ब्रिटिशांची 'नायजेरिया'. दोन्ही महायुद्ध पाहिलेल्या, आणि दोन्हींनी आपल्याकडे अनेक वर्षे काढली.

मग विमानवाहू जहाजे. पहिली 'विक्रांत' आपण १९५७ साली घेतली तेव्हा ती 'हर्क्युलिस' नावाचा अर्धवट सांगाडा होती. १९४५ साली पाण्यात सोडलेली, महायुद्ध संपल्यावर काम थांबलेले. म्हणजे अकरा वर्षे पडून होती, पण कधी चाललेलीच नव्हती. यंत्रे झिजलेली नव्हती, आणि पुढचे काम बेलफास्टच्या गोदीत आपल्याला हवे तसे, आपल्या लोकांच्या डोळ्यांदेखत झाले. तिरकी धावपट्टी आणि विमान फेकणारे वाफेचे यंत्र तेव्हाच बसले. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. दहा वर्षांनी, नेमकी १९७१ च्या युद्धाच्या तोंडावर, तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला. वेग कमी झाला. वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा कमी, आणि विमानाला उडायला तोच वारा लागतो. तरी तीन बॉयलरवर तिला बंगालच्या उपसागरात नेले, आणि ४ डिसेंबरपासून तिची सी हॉक विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर तुटून पडली. तिचा दोष ठाऊक होता म्हणून त्याला धरून बेत आखता आला. दोष माहीत असलेली बोट परवडते, मंडळी.

'विराट'चा सौदा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. मूळची 'हर्मीस', १९५९ साली ब्रिटिश नौदलात दाखल झालेली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांची ध्वजनौका. आपण १९८६ साली घेतली तेव्हा तिचे वय सत्तावीस. पण निवृत्त होऊन दोनच वर्षे झाली होती. हाताळणारी माणसे होती, नोंदी होत्या, आणि आपल्या ताब्यात येण्याआधी डेव्हनपोर्टच्या गोदीत तिची पूर्ण दुरुस्ती झाली. मे १९८७ मध्ये ती आपली झाली आणि मार्च २०१७ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षे, चालली. १९९३ साली इंजिनरूममध्ये पाणी शिरून काही महिने बंद होती, तेवढे सोडून द्या.

आणि आता गोर्शकोव्ह. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण भाच्याची बोट याच जातीची होती.

हे जहाज सोव्हिएत नौदलात १९८७ साली आले. १९९४ साली बॉयलररूममध्ये स्फोट झाला, १९९६ साली ते निवृत्त झाले. नंतर उत्तरेच्या थंडीत ते नुसते बांधून ठेवलेले. २० जानेवारी २००४ ला करार झाला. ऐका हं: जहाज फुकट! फक्त दुरुस्तीचे आणि बदलांचे ९७.४ कोटी डॉलर द्यायचे आणि २००८ साली जहाज घ्यायचे. विमाने वेगळी विकत घ्यायची.

फुकट हा शब्द ऐकला की मोटर मार्केटमधला मेकॅनिक मागे सरकतो.

आपली पथके जहाज पाहून आली होती, डोळे झाकून सौदा झाला असे नाही. पण जहाज पाहणे वेगळे आणि उघडणे वेगळे. पोलाद खरवडायला घेतले, भिंतींमागच्या केबल बाहेर आल्या, तेव्हा कळले की जे थोडेफार बदलू असे धरले होते ते जवळजवळ सगळेच बदलावे लागणार. शेकडो किलोमीटर केबल नव्याने ओढावी लागली. रशियाने २००७ मध्ये वाढीव पैसे मागितले. आपण काय करणार? बरेच पैसे गेलेले, विमाने मागवलेली, विराट म्हातारी झालेली, स्वदेशी जहाजाची कील अजून पडायची होती. २०१० मध्ये आकडा सुमारे २३५ कोटी डॉलरवर ठरला, म्हणजे पहिल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. कॅगने २००९ साली झोडपून काढले, की मर्यादित आयुष्याचे जुने जहाज नव्यापेक्षा महाग पडते आहे. नौदलप्रमुखांचे म्हणणे, एवढ्यात दुसरे विमानवाहू जहाज कोण देतो ते दाखवा. मी फौजी असलो तरी इथे मला दोन्ही बाजू पटतात. उशिरा केलेल्या तपासणीनंतर दोघेही बरोबर असू शकतात.

खरी गंमत पुढे आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात जहाज समुद्रात चाचणीला निघाले. डेक ठीक, विमाने उतरली. सप्टेंबरमध्ये पूर्ण ताकदीवर पळवायला घेतले आणि आठपैकी सात बॉयलरांनी मान टाकली. आपण ॲस्बेस्टॉसला नकार दिला होता म्हणून आत उष्णतारोधक विटा लावल्या होत्या, त्या टिकल्या नाहीत. अर्ध्या वेगात हे कधीच दिसले नसते. आणखी एक वर्ष गेले. १६ नोव्हेंबर २०१३ ला ती 'विक्रमादित्य' म्हणून आपल्या नौदलात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये कारवारला पोचली. आज ती उत्तम काम करते, हेही सांगितले पाहिजे.

भाच्याला मी म्हटले, रंग विसर. बोट किती दिवस किनाऱ्यावर पडून आहे ते आधी विचार, कारण चालती बोट पडलेल्या बोटीपेक्षा बरी. मागच्या फळीवर, जिथे इंजिन टांगतात तिथे, छोट्या हातोडीने ठोक. फायबरच्या आत प्लायवुड असते. ते भिजले असेल तर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज येतो, आणि ती फळी गेली तर इंजिनासकट बोट गेली. वायरींची टोके सोलून बघ, तांबे हिरवे झाले असेल तर सगळी वायरिंग गेली असे धर. पहाटे जा, इंजिनाला हात लावून बघ की ते थंडच आहे. मालकाने तू येण्याआधीच गरम करून ठेवले तर कशाला ठेवले? मेरीटाइम बोर्डाची कागदपत्रे बघ. शेवटी तेवढीच माणसे बसव जेवढी पर्यटकांना बसवशील, भरतीच्या वेळी खाडीबाहेर जा आणि अर्धा तास पूर्ण वेगाने पळव. आगाऊ एक पैसा द्यायचा नाही.

मालक पूर्ण वेगाला तयार नव्हता. म्हणाला, विश्वास नाही का? भाचा माझ्यावर गेलेला नाही, गोड बोलतो. त्याने मालकालाच बोटीत बसवले. सोबत सहा मित्र आणि लाइफ जॅकेटे. अठराव्या मिनिटाला इंजिनाच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची जी बारीक धार येते ती तुटली आणि भोंगा वाजला. वल्हवत परत आले. मागची फळीही भद्दच निघाली.

भाच्याने बोट घेतली नाही. मालकाने किंमत निम्मी केली तेव्हा मला पुन्हा फोन आला. मी विचारले, फळी आणि इंजिन मिळून दुरुस्तीचा लेखी आकडा आणलास का? अजून आणलेला नाही. बहिणीचे डिपॉझिट बँकेतच आहे.

विराटबद्दल एक सांगायचे राहिले. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने तिला निवतीजवळ, म्हणजे माझ्या भाच्याच्याच किनाऱ्यावर, संग्रहालय करून ठेवायचे ठरवले होते. खर्च धरला होता ८५२ कोटी. ते झाले नाही. २०२० मध्ये ती अलंगला गेली. भाच्याने मला त्या निवतीच्या समुद्राचा फोटो पाठवला आहे. चाचणीच्या दिवशीच काढलेला, बंद इंजिनाच्या बोटीतून.