टॉम फिनी: चौदा पौंडांचा स्टार

आजची गोष्ट एका प्लंबरची. म्हणजे इंग्लंडकडून ७६ मॅचेस खेळून ३० गोल मारणाऱ्या टॉम फिनीची.

फिनी प्रेस्टनचा. लँकेशायरमधलं हे तेव्हा कापड गिरण्यांचं गाव होतं. गावच्या 'प्रेस्टन नॉर्थ एंड' क्लबने पोरगा असतानाच त्याला बोलावलं, पण वडील म्हणाले, आधी प्लंबिंगचं काम पूर्ण शीक. मग महायुद्ध आलं. इजिप्त, इटली असं सैन्यात फिरून लीगमधली पहिली मॅच खेळला तेव्हा पठ्ठ्या २४ वर्षांचा होता! साल १९४६.

पुढची चौदा वर्षं तो एकाच क्लबकडून खेळला. दोन्ही विंगवर खेळायचा, गरज पडली तर सेंटर फॉरवर्डलाही. लीगमध्ये ४३३ मॅचेस, १८७ गोल. दोनदा 'फुटबॉलर ऑफ द इयर'. पण मोठी ट्रॉफी एकही नाही. १९५३ला आर्सेनलएवढेच पॉइंट्स होते, लीग हुकली ती गोलांच्या सरासरीवर. पुढच्या वर्षी एफए कपची फायनल ३-२ने गेली.

आता पैशाचं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. १९५२ला ती आठवड्याला १४ पौंड, आणि उन्हाळ्यात मॅचेस नसताना त्याहून कमी. मैदान खचाखच भरवणारा फिनी असो की साधा खेळाडू, १४च्या वर कुणालाच नाही. म्हणून तो प्लंबिंगचा धंदाही चालवायचा.

त्याच वर्षी इंग्लंडची टीम इटलीत गेली असताना पलेर्मो क्लबच्या अध्यक्षाने त्याला ऑफर दिली. हा अध्यक्ष खराखुरा राजपुत्र होता बरं का! सही करायचे १० हजार पौंड, महिन्याला १३० पौंड, बोनस वेगळा, वर बंगला आणि गाडी. जरा हिशोब करा. आठवड्याला १४ने १० हजार कमवायला जवळपास पावणेचौदा वर्षं लागतात.

प्रेस्टनने नाही म्हटलं. विषय संपला.

संपला कसा? तर करार संपला तरी खेळाडूचं रजिस्ट्रेशन क्लबकडेच राहायचं. क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता यायचं नाही. फिनीच्या निष्ठेचे गोडवे आजही गायले जातात. माणूस प्रेस्टनवर जीव लावणारा होता, यात वादच नाही. पण दाराला बाहेरून कडी असताना आत राहिलेल्याला नुसतं 'निष्ठावान' म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. त्या निष्ठेचा फायदा क्लबला फुकटात मिळत होता.

१९६०ला जांघेच्या दुखापतीने फिनी निवृत्त झाला. वर्षभरात प्रेस्टन खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं. आणि जानेवारी १९६१मध्ये, संपाच्या धमकीनंतर, पगाराची मर्यादा उठली. लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड! रजिस्ट्रेशनची ती कडी १९६३ला जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात कोर्टाने बेकायदा ठरवली.

फिनी तोवर पुन्हा नळ आणि पाइपांच्या धंद्यात होता. १९९८ला 'सर' झाला, २०१४ला ९१व्या वर्षी गेला. प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे. साचलेल्या पाण्यातून बॉल काढताना, दोन्ही बाजूंनी पाणी उडतंय. प्लंबरचा पुतळा, त्यात पाणी हवंच ना!