उद्याची नगरी, व्हाया कांदिवली

भविष्य फार लवकर शिळं होतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला हे पहिल्या दहा-बारा वर्षांतच कळून चुकलं. १७ जुलै १९५५ला ते सुरू झालं, तेव्हा त्यात 'टुमॉरोलँड' नावाचा एक विभाग होता. तिथे दिसतंय ते जग १९८६ सालचं आहे, अशी कल्पना होती. हॅलेचा धूमकेतू परत येणार होता, ते साल. तिथे ७६ फूट उंचीचं एक रॉकेट उभं होतं. १९५७मध्ये मोन्सँटो कंपनीचं 'भविष्यातलं घर' आलं, जवळजवळ सगळं प्लॅस्टिकचं. १९६७मध्ये ते पाडायला घेतलं, तर लोखंडी गोळा भिंतीवर आपटून नुसता उसळायचा. एका दिवसाचं काम दोन आठवडे चाललं. म्हणजे घर मजबूत होतं, जुनी झाली होती ती त्यामागची कल्पना.

पॅरिसजवळ १९९२ साली नवं डिस्ने पार्क उभं राहिलं, तेव्हा डिझायनर मंडळींनी यावर एक तोडगा काढला. भविष्याचा अंदाज बांधायचाच नाही. आधीच्या लोकांनी बांधलेले अंदाज दाखवायचे. 'डिस्कव्हरीलँड' या त्या विभागात ज्यूल व्हर्नचं एकोणिसावं शतक आहे. पितळी रंग, मोठाले रिव्हेट, उडती जहाजं. १९९५मध्ये तिथे जी रोलर कोस्टर आली, तिच्यात माणसं तोफेतून चंद्राकडे डागली जायची, थेट व्हर्नच्या १८६५च्या कादंबरीसारखी. याला रेट्रो-फ्युचर म्हणतात. काल पाहिलेला उद्या. तो चुकला तरी शिळा होत नाही, कारण तो बरोबर असल्याचा दावाच करत नाही.

आता प्रश्न आमच्या बाजूचा. मी कांदिवलीच्या चारकोपात वाढले. आमच्यासाठी मजेची परिसीमा म्हणजे खाडीपलीकडचं एस्सेलवर्ल्ड. १९८९मध्ये गोराईला सुरू झालेलं, बोरिवलीच्या नाहीतर मार्व्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने गाठायचं. पाळणे होते, आपटणारी-गरगरवणारी यंत्रं होती, पुढे शेजारी वॉटर किंगडम आलं. पण तिथली बहुतेक यंत्रं जगातल्या कुठल्याही शहरात तशीच चालली असती. त्यांच्यात गोराईचं असं काही नव्हतं. काही वर्षांपूर्वी ते पार्क बंद झालं. तेव्हापासून मी एक खेळ खेळते. उत्तर मुंबईत 'कालचा उद्या' दाखवणारी नगरी उभारायची झाली, तर तिच्यात काय ठेवायचं? अट एकच: स्वप्न इथलं हवं, आणि ते खरंच कुणीतरी पाहिलेलं हवं.

माझ्या यादीत सध्या तीन गोष्टी आहेत.

एक: डोंगर ते दर्या

मरीन ड्राइव्ह हे मुंबईचं सगळ्यात देखणं जुनं भविष्य. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, जहाजासारखे कठडे, १९३८चं इरॉस थिएटर. त्या काळी मुंबईकरांना 'आधुनिक' म्हणजे काय वाटायचं, ते या आर्ट डेको इमारतींत दिसतं. २०१८मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. पण त्या इमारतींखालची जमीन समुद्र हटवून मिळवलेली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबे भरावाची योजना जोरात सुरू झाली आणि समुद्र अडवणाऱ्या भिंतीसाठी दगड हवा होता. तो आला कांदिवलीच्या खाणीतून.

आठ भागांत समुद्र हटवायचा होता, जेमतेम चार भाग पुरे झाले. भिंतीच्या फटींतून भरावाचा गाळ परत समुद्रात जाऊ लागला, खर्च भरमसाट वाढला. खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. लोकांनी योजनेचं नाव ठेवलं 'लॉइडचा मूर्खपणा'. आज नरिमन पॉइंट म्हणताना ज्यांचं नाव घेतो, ते हेच.

त्याच सुमारास कमांडर टॉड नावाचा एक नौदल अधिकारी कांदिवलीच्या परिसरात मातीचे थर तपासत होता. त्याला तिथे अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. १९३०च्या दशकात त्याने त्यांवर लिहिलं आणि कांदिवली पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेली. म्हणजे ज्या गावाच्या मातीत शहराचा सगळ्यात जुना काळ होता, त्याच गावाचा दगड शहराचा उद्या बांधायला निघाला होता.

ही राइड मला अशी दिसते. तुम्ही दगडाच्या वाघिणीत बसता. अंधारात डोंगराच्या थरांमधून खाली येता, हाताशी हातकुऱ्हाडी दिसतात. मग रूळ लागतात. दोन्ही बाजूंना भातशेती, मिठागरं. वाटेत तारांमधून ठिणगी उडते, कारण ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली आणि कांदिवलीचं भविष्य त्या दिवशी डोक्यावरच्या तारेतून आलं. शेवटी निऑनच्या उजेडात मरीन ड्राइव्ह. तिथे वाघीण उलटते. दगड पडतो, आणि तुम्ही रिकामे परत. आधी आमचा दगड चर्चगेटकडे गेला, आता माणसं जातात. रोज सकाळी, ८:१२ने.

दोन: राजपुत्राची पाणबुडी

पॅरिसच्या डिस्कव्हरीलँडमध्ये कॅप्टन निमोची 'नॉटिलस' पाणबुडी आहे. कॅलिफोर्नियात तर १९५५पासूनच डिस्नेच्या सिनेमातले नॉटिलसचे सेट मांडले होते. दोन्हीकडे एक गोष्ट सहज विसरली जाते: निमो आपला माणूस आहे.

व्हर्नच्या मनात तो आधी रशियाविरुद्ध लढणारा पोलिश उमराव होता. प्रकाशकाला ते राजकीयदृष्ट्या अडचणीचं वाटलं, म्हणून पहिल्या कादंबरीत त्याचा देश गुलदस्त्यातच राहिला. पुढे 'मिस्टेरियस आयलंड'मध्ये उलगडा होतो: तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. १८५७च्या लढ्यात उतरलेला, त्यात घरदार गमावलेला. उरलेले मोजके साथीदार घेऊन त्याने एका ओसाड बेटावर पाणबुडी बांधली. १९५४च्या सिनेमात यातलं काही नाही. तिथला निमो जेम्स मेसन.

मराठी वाचकाला व्हर्न परका नाही. भा. रा. भागवतांनी तो 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा पुस्तकांतून घराघरांत आणला. आमच्या नगरीत पाणबुडी गोराईच्या खाडीत, तिवरांच्या मुळांखाली असेल. काचेतून राक्षसी माखला दिसेलच, गर्दी त्यासाठीच येईल. पण मुख्य प्रवेश दुसरा. कादंबरीत निमो लंकेच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो आणि त्याच्या हातावर मोत्यांची थैली ठेवतो. पुढे सांगतो की तो माणूस पिचलेल्या देशातला आहे, आणि आपणही त्याच देशाचे. सगळ्या जगाने ज्याला माथेफिरू शास्त्रज्ञ म्हणून रंगवलं, तो ह्या क्षणी कोण आहे हे प्रेक्षकाला कळायला हवं. राइडमध्ये दिवे इथे मंद व्हावेत, आणि पाणबुडी थोडा वेळ थांबावी.

तीन: अर्धं घर

टुमॉरोलँडने १९८६ सालची कल्पना केली होती. खऱ्या १९८६च्या सुमारास चारकोपात काय चाललं होतं? खाडीकडेच्या जमिनीवर प्लॉट आखले जात होते. जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबईत जो नागरी विकास प्रकल्प १९८५मध्ये सुरू झाला, त्यात म्हाडाने चारकोप आणि गोराईला एक वेगळीच गोष्ट केली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तयार घर द्यायचं नाही. छोटा प्लॉट, रस्ता, पाणी, गटार आणि वीज द्यायची. घर ज्याचं त्याने बांधायचं, जमेल तसं. मधे अंगण, भोवती तीसेक प्लॉट, त्यांची एक सोसायटी.

मोन्सँटोचं घर पूर्ण होतं, त्यात कुणाला एक खिळाही ठोकायची सोय नव्हती, आणि ते दहा वर्षांत गेलं. चारकोपचं घर अपुरं होतं, आणि ते वाढत राहिलं. आधी पत्रा, मग स्लॅब, मग पोटमाळा, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला, खाली पिठाची गिरणी नाहीतर क्लास. सगळंच छान झालं असं नाही. कित्येकांनी प्लॉट विकले, गल्ल्या अंधारल्या, अंगणात आता बाइक उभ्या असतात. पण 'पुढे काय होईल ते आम्हाला ठाऊक नाही, तुम्ही ठरवा' असं सांगणारं दुसरं भविष्य मला सापडलेलं नाही.

या आकर्षणात यंत्र नसेल. एक जोतं, नळ, विजेचा खांब आणि विटांचा ढीग. येणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी रचायचं. मागून येणाऱ्याने ते मोडायचं नाही, त्यावर पुढे बांधायचं. वर्षाअखेरीस तिथे काय उभं असेल, हे डिझायनरलाही सांगता येऊ नये.

रॉकेट आणि उडत्या गाड्या मी मुद्दाम वगळल्या आहेत. त्या दुसऱ्यांच्या भविष्याच्या प्रती आहेत, आणि आपल्याकडे त्यांचा साठा कमी नाही. डिस्नेने १९५९मध्ये मोनोरेल दाखवली, आपण २०१४मध्ये वडाळा-चेंबूर मार्गावर तशीच आणली, तोवर ती कल्पना पन्नास वर्षांची झाली होती. गाडीला पुरेशी माणसं कधी मिळालीच नाहीत.

जुनं भविष्य दाखवताना ते कुणी पाहिलं एवढंच सांगून भागत नाही. त्याचा दगड कुठून आला, नाव कुणाचं पुसलं गेलं आणि उरलेलं घर कुणी बांधलं, हेही दाखवावं लागतं. चारकोपातली मूळ बैठी घरं आता थोडीच उरली आहेत. नगरी कधी होईल तेव्हा होवो, त्यातलं एखादं जोतं आत्ताच राखून ठेवायला हवं.