हाताची ऊब

स्मरणिकेसाठी आरोग्यावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. औषधांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी हाताविषयी लिहिते. माणसाच्या हाताचा स्पर्श वैद्यकाने एकदा दाराबाहेर घालवला आणि पुढे मानाने परत बोलावला, त्याची ही हकीकत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जंतुशास्त्र नवे होते. अमेरिकेतील इस्पितळांत व अनाथाश्रमांत तान्ह्या मुलांना शक्य तितके कमी हाताळावे, असा दंडक पडला. दूध वेळेवर, दुपटी स्वच्छ, तरी मुले वाळत जात. १९१५ साली न्यूयॉर्कच्या डॉ. हेन्री चॅपिन यांनी दहा संस्थांची पाहणी मांडली. एक सोडून बाकी ठिकाणी दोन वर्षांखालचे मूल जवळजवळ वाचतच नव्हते. एवढे होऊनही १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने आयांना बजावले की, मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा! आपल्याकडची आजी हे ऐकून पदराआड हसली असती.

शहाणपण आले ते न्यूयॉर्कच्याच बेलव्ह्यू इस्पितळात. बालविभागाच्या दारावर पाटी होती, आत येण्यापूर्वी दोनदा हात धुवा. १९३१ साली डॉ. हॅरी बॅकविन यांच्याकडे विभाग आला आणि त्यांनी ती पाटी बदलली. एखादे मूल उचलून घेतल्याशिवाय इथे पाऊल टाकू नये, असे आता तिच्यावर होते. संसर्ग वाढला तर नाहीच, उलट कमी झाला. १९४२ साली त्यांनी यावर निबंध लिहिला. त्याचा विषयच मुळी तान्ह्यांचे एकाकीपण हा होता.

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात काचपेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत घातली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९७६ साली, फ्रान्सच्या डॉ. लबॉये यांनी एक पुस्तक काढले होते. कलकत्त्यातील शांतला नावाची आई आपल्या बाळाला तेल चोळताना त्यांनी पाहिली, त्यावरून ते सुचले. आपल्याकडे घरोघरी बाळंतिणीचे आणि बाळाचे अंग चोळायला बाई येते, तेच हे. पुस्तक मात्र पॅरिसला निघाले!

तान्ह्यांची अशी सोय झाली. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारावर मात्र तसली पाटी कोणी लावली नाही. तेलवाली बाई बाळंतिणीकडे येते, आजीकडे नाही. हळदीकुंकवाला आपण अत्तर लावतो, तेव्हा क्षणभर दुसरीचा हात आपल्या हातात असतो. नवरा गेलेल्या बाईला पिढ्यान्‌पिढ्या तेवढाही हात मिळाला नाही, आणि घरात सर्वांत एकटी तीच असे. येत्या संक्रांतीला मंडळाने सगळ्याच जणींना बोलवावे, असा ठराव मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. काही भगिनींना तो रुचणार नाही, हे मी जाणून आहे. त्यावर सभेत बोलूच.